जांभूळच्या रस्त्यावरची थरथर

बाळंतपणाला मी माहेरी बेलवलीला आले, आणि त्यानंतरचे ते महिने मला धड जागेपणी आठवतच नाहीत. सगळं कसं झोपेतून आठवतं. दुपारची वेळ, लेक कुशीत, वर पंखा किरकिरतोय, बाहेर ओट्यावर आई आणि शेजारच्या बायका जीन्सचे धागे कापतायत, त्यांच्या कात्र्यांचा आवाज लांबून येतोय आणि मी अर्धी इथे, अर्धी कुठेतरी. कोण काय बोललं, कधी बोललं, मला विचारू नका. पण पप्पांची मोटरसायकल आणि तिचं ते थरथरणारं हँडल मला लख्ख आठवतं.

पप्पा उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात कटिंग मास्टर. आमची मूळची शेती जांभूळच्या पलीकडे, ती काही विकली गेली, काही वाटण्यांत गेली, आणि पप्पा तरुणपणीच कारखान्याला लागले. हे काम ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगते. लांबलचक टेबलावर जीन्सचं कापड थरावर थर अंथरतात. सगळ्यात वरच्या थरावर खडूने पँटचे भाग आखतात. मग मास्टर उभ्या पात्याचं मशीन हातात धरून त्या रेघेवरून चालवत नेतो आणि सगळे थर एकदम कापले जातात. रेघेवरून सूतभर हात हलला, तर एक पँट नाही, अख्खा लॉट वाया. पप्पांचा हात कधी हलला नाही. शेठ तोंडाचा फटकळ, कुणाला चांगलं म्हणेल तर शपथ, पण बाहेरचं गिऱ्हाईक आलं की पप्पांच्या टेबलापाशी आणायचा आणि म्हणायचा, "इसका हाथ देखो. हाथ नहीं, फुटपट्टी है." पप्पा मान वर करायचे नाहीत. पण घरी येऊन आईला सांगायचे. दर वेळी सांगायचे, आणि आई दर वेळी नव्याने ऐकायची.

त्या धंद्यात एक रीत आहे. कट वाकडा गेला तर मशीनला नाव ठेवायचं नाही. पात्याला धार नव्हती, टेबल हललं, वीज मधेच गेली, काही बोलायचं नाही. मास्टरचा हात चुकला, विषय संपला. पप्पांच्या अंगात ही रीत इतकी मुरली होती की घरातसुद्धा त्यातून कुणाची सुटका नव्हती. माझी भाकरी करपली आणि मी तव्याला दोष दिला, की झालंच, "नाचता येईना, अंगण वाकडं!" पेपरात मार्क कमी पडले आणि मी म्हटलं पेपरच अवघड होता, की पुन्हा अंगण वाकडं. त्या अंगणाचा मला लहानपणी इतका राग यायचा की काही विचारू नका.

संध्याकाळी येताना ते मोटरसायकलवर शिवलेल्या पँटचे गठ्ठे बांधून आणायचे. शिलाईचे लोंबते धागे कापायचं काम घरोघरी बायका करतात, आमच्या ओट्यावरही चालायचं. सकाळी तयार गठ्ठे परत न्यायचे. जास्त माल मावावा म्हणून पप्पांनी मागचं कॅरियर वेल्डिंग करून लांबवून घेतलं होतं, पार मागच्या दिव्याच्याही बाहेर हातभर. गठ्ठे त्याच्यावर डोक्याएवढे उंच. पाठीमागून पाहिलं तर माणूस दिसायचाच नाही, नुसतं निळं गाठोडं रस्त्याने चाललंय असं वाटायचं. आमच्याकडे निम्मे लोक असेच जातात, कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही.

मला गाडी शिकवली तीही त्यांनीच. जांभूळला पाण्याचं मोठं केंद्र आहे, त्या बाजूच्या रस्त्यावर. बाकीच्या मुली स्कूटी शिकत होत्या, मला मात्र पप्पांची गिअरचीच गाडी हवी होती. ते शेजारून धावत सांगायचे, "हँडल आवळू नको गो! कोंबडीचं पिल्लू धरलंयस असं धर. आवळलंस तर मरंल, सोडलंस तर पळंल." मी हसत सुटायची आणि गाडी गवतात जायची.

तर अशा या माणसाने माझ्या लेकीला हातात घेतलं नाही.

पहिल्यांदा दवाखान्यात मला वाटलं, पुरुष माणूस, एवढंसं बाळ, घाबरत असतील. घरी आल्यावर वाटलं, होईल सवय. पण नाही. पाळण्याशी बसायचे, तासन् तास बसायचे, गाणी म्हणायचे, डास हाकलायचे, तिच्याशी गावाकडच्या भाषेत गप्पा मारायचे. ती रडली की मात्र हाक आईला. "अगो, ही बघ उठली." मी म्हणायची, "पप्पा, घ्या ना जरा." तर त्यांना नेमकं तेव्हाच बाहेर काम निघायचं. मी ओली बाळंतीण, झोपेचं खोबरं झालेलं, मनात येऊ नये ते येणारच. मुलगी झाली म्हणून? आयुष्यभर मला डोक्यावर घेऊन नाचले, आणि आता नातीच्या बाबतीत हे? छे, असं कसं असेल. मग दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

त्याच दिवसांत त्यांनी काम सोडलं. "कंटाळा आला," एवढंच म्हणाले. आई म्हणाली, वय झालं, बसू देत घरी. गाडीवर कापड टाकून ती जिन्याखाली उभी केली. गठ्ठे मग टेम्पोवाला जमेल तेव्हा आणून टाकायचा. गाडी विकायचीय म्हणून कुणाला तरी सांगूनही आले. मला हे सगळं दिसत होतं, पण मी म्हटलं ना, मी झोपेत होते. दिसत होतं आणि निसटत होतं.

मग जावळाची गोष्ट निघाली. जावळ म्हणजे बाळाचे पहिले केस काढायचे, आणि आमच्यात ते मामाच्या मांडीवर. न्हावी वस्तरा चालवत असताना ज्याच्या मांडीवर बाळ त्याने डोकं धरून ठेवायचं. मला भाऊ नाही. अंबरनाथहून सासूबाईंनी फोनवर विचारलं, तेव्हा मी बिनधास्त सांगून टाकलं, "मामा नाही तर काय झालं, आजोबा बसतील." सासूबाईंनाही आवडलं. रात्रीच्या जेवणाला मी पप्पांना म्हटलं, तर घास तसाच हातात ठेवून म्हणाले, "तुझ्या चुलतभावाला बसव."

"का?"

"तो बसंल. मामाच लागतो."

"मला तुम्ही हवेत."

"नको गो बाय. माझ्याच्याने नाही व्हायचं."

मग मात्र माझा तोल गेला. महिनोन् महिने साठवलेलं सगळं बाहेर आलं. मुलगी झाली म्हणून तोंड फिरवलंत ना, सरळ सांगा, असं म्हटलं मी. आई "अगं गप, अगं गप" करत होती. पप्पा ताटावरून उठले, हात धुतले आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. त्यांच्या पाठीकडे बघून मला आणखीच राग आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गठ्ठे तयार होते आणि टेम्पोवाल्याचा पत्ता नव्हता. कारखान्यातून फोनवर फोन. मी लेकीला पाजलं, आईच्या मांडीवर दिलं, खिळ्यावरची चावी काढली आणि गाडीवरचं कापड ओढलं. "अगं, वेड लागलं का तुला?" आई म्हणाली. लागलंच होतं. पप्पा अंघोळीला गेले होते, तेवढ्यात मी गठ्ठे बांधले आणि निघाले.

थंडीचे दिवस. जांभूळच्या बाजूला शेतांवर धुकं इतकं खाली बसलं होतं की झाडांचे नुसते शेंडे दिसत होते. पाण्याच्या केंद्राची घरघर दुरून ऐकू येत होती, ती सुरू कुठे होतेय आणि संपतेय कुठे काही कळेना. रस्ता मोकळा. किती दिवसांनी मी एकटी होते! अंगावर बाळ नाही, दुधाचा वास नाही, कुणी हाक मारत नाही. वारा तोंडावर घेत मी गाडी पळवली. राग कुठच्या कुठे विरला. आपण गाडी चालवत नाही आहोत, आपल्याला कुणीतरी अलगद पुढे नेतंय, असं वाटायला लागलं. डोळे मिटले असते तर मी खरंच झोपले असते.

काटा साठच्या पुढे गेला आणि हँडल जागं झालं.

आधी नुसती शिरशिरी. मग डावी-उजवी, डावी-उजवी, इतकी भराभर की मोजता येईना. पुढचं चाक रस्त्याला चिकटलेलंच नाही असं वाटत होतं. अगं आई गं! मी दोन्ही हातांनी हँडल आवळलं, तर ते आणखी पिसाळलं. जेवढं आवळावं तेवढं जोरात. ब्रेककडे बोटं गेली होती, पण दाबला असता तर आज हे लिहायला मी नसते. मला काय सुचलं कोण जाणे, मी बोटं सैल केली. हँडल नुसतं हातात ठेवलं, अंग टाकीवर पुढे झुकवलं आणि हळूहळू रेस सोडत गेले. थरथर काही वेळ तशीच राहिली, मग मंदावली, मग एकदम थांबली, आणि धुक्यात मी आपली शांतपणे चाललेली. जणू काही झालंच नव्हतं.

पुढे एक चहाची टपरी लागली. तिथे गाडी लावली आणि बाकड्यावर बसले. टपरीवाल्याने काचेचा ग्लास हातात दिला. मी तो बाकड्यावर टेकवायला गेले, आणि ग्लास फळीवर कडकडकड वाजायला लागला. चहा हिंदकळून बोटांवर आला. मी हात बघितले. दोन्ही हात, कोपरापासून खाली, थरथरत होते. थांबवायला गेले तर थांबेनात.

आणि बसल्या जागी मला पप्पा दिसले. संध्याकाळी कामावरून घरी येणारे पप्पा. कपबशी बंद करून स्टीलच्या पेल्यात चहा मागणारे. "अर्धाच दे," म्हणणारे. आल्यावर बराच वेळ हात खिशात घालून बसणारे. मी आजोबांना पाहिलेलं आहे, पप्पांच्या वडिलांना. त्यांना कंपवात होता. त्यांचे हात सदा न् कदा हलत असायचे, डाळ-भात तोंडापर्यंत जायच्या आत सांडायचा, शेवटी पप्पाच त्यांना भरवायचे. पप्पांनी स्वतःच्या वडिलांना भरवलं आणि मग एके दिवशी हा रस्ता उतरून घरी आले, आणि त्यांच्या हातातला कप वाजला. त्यांनी काय समजायचं? गाडीला दोष देणारा तो माणूस नव्हे. हात चुकला, विषय संपला.

देवा रे! मुलगी झाली म्हणून नव्हे. वस्तऱ्याखाली तिचं डोकं आपल्या हातून हलेल म्हणून. मी त्या बाकड्यावर बसून ढसाढसा रडले. टपरीवाला बिचारा घाबरून म्हणाला, "ताई, पैसे नको देऊ, पण रडू नको."

गठ्ठे टाकून मी सावकाश, अगदी सावकाश घरी आले. मनाशी ठरवलं होतं, नीट समजावून सांगायचं, हळुवारपणे. दारात पाऊल टाकलं आणि ओरडलेच, "पप्पा, तुमची गाडी थरथरते!"

ते खुर्चीत बसले होते. आधी माझ्याकडे नखशिखांत बघितलं, मी धड आहे ना म्हणून. मग म्हणाले, "गाडी चांगली आहे."

"चांगली आहे? मरता मरता वाचले मी!"

"तुला सवय नाही राहिली. झोप नाही तुझी पुरी. गाडी चांगली आहे, बाय." आणि मग खाली बघत, मला नाही तर जमिनीला सांगावं तसं म्हणाले, "थरथरतात ते हात आहेत."

आई आतून लेकीला घेऊन आली होती, तिने हे ऐकलं. एवढ्या वर्षांच्या संसारात तिने त्यांना असं पाहिलं नव्हतं. तिला तेव्हा पहिल्यांदा कळलं. ती त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिली. मग पप्पांनी सगळं सांगितलं. टेबलावर मशीन धरताना भीती वाटायला लागली होती. अजून कट बिघडला नव्हता, पण बिघडायच्या आधी उठावं, लोकांनी फुटपट्टी वाकली म्हणू नये. दवाखान्यात गेले नव्हते, कारण एकदा कुणी ते नाव घेतलं की ते नाव मग घरातून जात नाही.

"पण काम सोडल्यावर वाजला का कप?" मी विचारलं.

"कप घेतोच कुठं मी."

"अहो," आई म्हणाली, "जन्मभर आम्हाला वाकडं अंगण ऐकवलंत. एखाद वेळी अंगणही वाकडं असतं की नाही?"

पप्पांना हसू आलं नाही. त्यांचा विश्वासच बसत नव्हता. मग मी म्हटलं, चला. त्यांना मागे बसवलं, त्यांच्यामागे कॅरियरवर एक गठ्ठाही बांधला, कारण मला सगळं सकाळसारखंच हवं होतं. शहाण्या माणसाने असलं काही करू नये, हे मीच सांगते. पण माझ्याकडे दुसरा पुरावा नव्हता. दुपार होती, धुकं गेलं होतं, रस्ता पांढरा पडला होता. मी म्हटलं, "माझ्या खांद्यावरून हातांकडे बघा. आणि काहीही झालं तरी हलू नका." वेग वाढवत नेला. शिरशिरी आली. हँडल डावी-उजवी करायला लागलं, आणि त्याच्यासोबत माझी मनगटं. मी सैल धरलं होतं, रेस सोडायच्या बेतात होते, तेवढ्यात कानाशी पप्पांचा आवाज आला.

"कापतायत गो! तुझेही कापतायत!"

असा आनंद मी त्यांच्या आवाजात त्याआधी कधी ऐकला नव्हता. माझ्या लग्नात नाही, लेक झाली तेव्हाही नाही. बापाला लेकीचे हात कापताना बघून आनंद व्हावा! गाडी थांबवली तर ते उतरून रस्त्याच्या कडेला उभे राहिले, स्वतःचे हात पुढे धरून. उलटे केले, सुलटे केले. हात स्थिर होते. मागे बसले होते ना, हँडल धरलंच नव्हतं. शेताच्या बांधावर एक म्हैस उभी होती, तीही आमच्याकडे बघत होती.

तरी दुसऱ्याच आठवड्यात भांडून मी त्यांना डॉक्टरकडे नेलंच. डॉक्टरने बोट नाकाला लाव, चालून दाखव, लिहून दाखव, असं सगळं करून घेतलं आणि म्हणाला, आत्ता तरी तसलं काही दिसत नाही. आत्ता तरी. पप्पांनी बाकीचं ऐकलं, मी ते दोन शब्दही ऐकले.

गाडी अंबरनाथला नेली, माझ्या सासरच्या गल्लीतल्या मिस्त्रीकडे. तोंडाने भारी गोड माणूस. बघितलं न बघितलं आणि म्हणाला, "टायर गया है, वहिनी." पुढचा टायर मधोमध घासून सपाट झाला होता, हे खरं. नवा टाकला, हवा भरली. पप्पा एकटे गाडी चालवून बघून आले आणि चावी माझ्या हातात दिली. थरथर होतीच, जरा कमी एवढंच. त्यांचा चेहरा पुन्हा पहिल्यासारखा झाला. मी मिस्त्रीकडे जाऊन अशी काही कडाडले की शेजारचा इस्त्रीवालाही बाहेर आला.

मग त्याने मनावर घेतलं. इंजिनाखाली लाकडी ठोकळा देऊन पुढचं चाक अधांतरी केलं. चाक फिरवून बघितलं, रिंग सरळ होती. मग दोन्ही शॉकअप खालून धरून पुढे-मागे ढकलले, तर वरच्या बाजूला टक् टक् वाजलं. हँडल सावकाश डावीकडून उजवीकडे नेलं, तर बरोबर मधोमध, गाडी सरळ जाताना जिथे असतं तिथेच, ते खाचेत अडकल्यासारखं थबकत होतं. "कोनसेट," तो म्हणाला. हँडलचा दांडा जिथून गाडीच्या मानेत जातो, तिथे वर-खाली दोन वाट्या असतात आणि वाट्यांत लोखंडी गोळ्या. त्यांच्यावर हँडल फिरतं. वर्षानुवर्षं खड्ड्यांचे दणके खाऊन गोळ्यांनी वाट्यांना खळगे पाडले होते, आणि मान ढिली झाली होती.

आणि मुख्य म्हणजे ते लांबवलेलं कॅरियर. एवढं वजन मागच्या चाकाच्याही मागे लोंबकळत असल्यावर पुढचं चाक हलकं होतं, वेगात त्याला रस्ता धरवत नाही, आणि ढिली मान ते हलणं आणखी वाढवते. वरून पप्पा घाबरून हँडल आवळायचे. आवळलं की हातांचा ताण थेट हँडलमध्ये, हँडलची थरथर हातांमध्ये, आणि घरी पोचेपर्यंत कोपरापासून खाली हात त्यांचे राहायचेच नाहीत. मला शिकवताना पिल्लू धर म्हणाले होते, आणि स्वतः ते पिल्लू किती दिवस गळा दाबून आणत होते.

नवा कोनसेट बसवला, तर मिस्त्रीने तो उत्साहात इतका घट्ट केला की गाडी हळू चालवताना दारुड्यासारखी झुलायला लागली. पुन्हा ओरडले. पुन्हा त्याने नट किंचित सैल केला, हँडल बोटाने ढकललं की आपोआप सरकेल आणि खडखडणारही नाही इतपत. लांबवलेलं कॅरियर पप्पांनी स्वतः उभं राहून कापून घेतलं. गठ्ठे आता थोडे आणि सीटला लागून, खाली. जास्त माल असला तर दोन खेपा.

त्या दिवशी पप्पा एकटेच जांभूळच्या रस्त्याला गेले आणि लवकर आले नाहीत. मी लेकीला पाजत पडले होते. ओट्यावर कात्र्या चालल्या होत्या, ऊन भिंतीवरून सरकत होतं, माझा डोळा लागत होता आणि उघडत होता. झोपेत मला ते दिसत होते, रिकाम्या रस्त्यावर, वेगात, गाडी सुतासारखी सरळ. मग खरोखरचा गाडीचा आवाज आला. ते आत आले, आईला म्हणाले, "चहा टाक. कपबशीत." कप त्यांनी काठोकाठ भरून घेतला आणि बशीवर धरून बसले. आम्ही सगळे त्या कपाकडे बघत होतो. कुणी बघतंय असं दाखवत नव्हतं. चहावरची साय हलली नाही.

"जावळाला बसतो मी," ते म्हणाले.

तरीही तिला उचललं नाहीच. मला वाटलं होतं, आता उचलतील. पण नाही. पाळण्याशी बसायचे, तेवढंच. भीती एकदा हाडात शिरली की गाडी दुरुस्त झाल्याने ती काही निघत नाही, हे मला तेव्हा कळलं.

जावळाच्या दिवशी घर पाहुण्यांनी भरलं होतं. अंबरनाथची मंडळी आली होती. पप्पा नवीन सदरा घालून पाटावर बसले, चेहरा अगदी राखेसारखा. आईने लेकीला त्यांच्या मांडीवर ठेवलं. पहिल्यांदा. तिने वर बघितलं, त्यांचा सदरा मुठीत धरला. न्हाव्याने कोमट पाण्याने केस भिजवले आणि म्हणाला, "आजोबा, डोकं हलू देऊ नका हां." पप्पांनी एक हात तिच्या मानेखाली घातला, दुसरा कपाळावर. वस्तरा टेकला आणि लेकीने टाहो फोडला. पाय झाडले, अंग ताठ केलं, लाल झाली. तिच्या आत्याने पदर पुढे धरला होता, त्यात काळे केस पडत होते. माझे डोळे फक्त पप्पांच्या हातांवर होते. जीन्सच्या रंगाने निळसर पडलेल्या नखांचे ते हात. मुलगी सगळी हलत होती, आणि त्या दोन हातांमध्ये तिचं डोकं जागच्या जागी होतं. घरात एवढा गलका, पण मला काही ऐकू येत नव्हतं. पप्पा श्वास तरी घेत होते की नाही कोण जाणे.

"झालं," न्हावी म्हणाला आणि वस्तरा पुसून मिटला. डोक्यावर एक ओरखडा नव्हता.

आणि मग पप्पांचे हात कापायला लागले. सगळ्यांसमोर, मनगटापासून बोटांपर्यंत. सासूबाईंनी पाहिलं, आईने पाहिलं, न्हाव्यानेही पाहिलं. मी धावत पुढे गेले, लेकीला घ्यायला हात पसरले. पप्पांनी माझ्याकडे बघितलं. डोळ्यांतून पाणी गालावर आलं होतं आणि ते पुसायलाही त्यांनी हात काढला नाही.

"कापू देत गो," ते म्हणाले, "कापू देत." आणि त्यांनी तिला दिली नाही.